मेसच्या जेवणावरून मुलीचं कॉलेज ठरवू नका



मागच्या आठवड्यात बस्तीत पूजा आटोपल्यावर आम्ही चौघीजणी बाहेर ओट्यावर बसलो होतो. त्यातल्या एकीची मुलगी नववीत आहे, गणितात फार हुशार. मी सहज विचारलं, पुढं काय करायचं म्हणते? तर ती म्हणाली, "काकू, इंजिनिअरिंगला पुण्याला जायचंय म्हणे तिला. पण तिथल्या मेसमध्ये कांदा-बटाटा, त्यात रात्री आठला जेवण. आपल्यात कसं जमायचं? इथंच कुठंतरी घालू." बाकीच्या दोघींनी माना डोलावल्या. मी गप्प बसले. कारण २००४ साली हेच वाक्य मी माझ्या तोंडाने बोलले होते, जवळजवळ ह्याच शब्दांत.

माझी मुलगी त्या वर्षी बारावी सायन्स झाली. सीईटीत चांगले मार्क पडले आणि पुण्याच्या एका नावाजलेल्या कॉलेजात नंबर लागला. आमच्या ह्यांनी पैशाची तजवीज करून ठेवली होती. आडवी आले ती मी. जन्मापासून सूर्यास्ताच्या आत जेवलेली पोर, बटाटा कधी घरात न आलेला, ती तिथं काय खाणार, कोणाच्या पंगतीला बसणार? चार दिवस मी हेच घोकलं. शेवटी हे म्हणाले, "तू म्हणशील तसं." मुलीनं गावातच बी.एस्सी. केलं, चांगल्या मार्कांनी केलं, बाविसाव्या वर्षी लग्न झालं. आता ती घरी शिकवण्या घेते. संसार चांगला चाललाय, जावईबापू भले आहेत, तक्रार करायला जागा नाही. तिनंही कधी केली नाही. पण गेल्या दिवाळीत नातीनं तिला विचारलं, "आई, तुला एवढं गणित येतं, मग तू इंजिनिअर का नाही झालीस?" ती हसत म्हणाली, "मेसमध्ये बटाटा होता म्हणून." सगळे हसले. मीही हसले आणि चहा ठेवते म्हणून आत गेले, ती बराच वेळ आतच राहिले.

आता कोणी म्हणेल, काकू नियम मोडायला सांगतायत. तसं नाही. मी आजही सूर्यास्तानंतर जेवत नाही आणि माझ्या स्वयंपाकघरात कंदमूळ येत नाही. पण एक गोष्ट बघा. अकरावी-बारावीच्या क्लासला आपण ह्याच मुलींना रात्री साडेआठपर्यंत पाठवतो. तेव्हा काय करतो? साडेपाचला डबा देतो, मधल्या सुट्टीत खाऊन घे म्हणतो. म्हणजे सोय करता येते, करायची असली की. मग कॉलेजच्या वेळीच ती अशक्य का होते? खरं सांगू का, जेवण हे कारण नसतंच. भीती दुसरीच असते, लांब जाण्याची, संगतीची, लग्नाची. ती उघड बोलायला जड जाते म्हणून आपण बटाट्याला पुढं करतो. माझंही तेच होतं. कबूल करायला मला वीस वर्षं लागली.

आपल्या वाडवडिलांनी हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच सोडवला होता, हे आपण विसरतो. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा १८९९ साली स्थापन झाली आणि तिनं कोल्हापूर-सांगलीसारख्या ठिकाणी बोर्डिंग काढली ती कशासाठी? खेड्यातल्या मुलाला शहरात शिकता यावं आणि आपल्या पद्धतीचं जेवण मिळावं म्हणून. जेवणाची अडचण आहे तर शिकू नका, असं ते म्हणाले नाहीत. जेवणाची सोय करू म्हणाले. कर्मवीर भाऊराव पाटील आपल्या कुंभोजचे, तेही कोल्हापूरला जैन बोर्डिंगात राहून शिकले. पुढं १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. दुसऱ्यांच्या लेकरांच्या भाकरीसाठी त्या माउलीनं सोनं दिलं. आणि मी माझ्या लेकीच्या डब्याची व्यवस्था करू शकले नाही. तेव्हा बोर्डिंग मुख्यतः मुलांसाठी होती, हे खरं. पण आज मोठ्या शहरांत समाजाची वसतिगृहं आहेत, डबे पुरवणाऱ्या बायका आहेत. चौकशी मात्र दहावी-अकरावीतच करायची. प्रवेश मिळाल्यावर धावाधाव केली तर जागा भरलेल्या असतात.

नात आता दहावीला आहे. ह्या वेळी मी ठरवलं की आपण आडवं यायचं नाही, तयारी करून द्यायची. ती करताना जे लक्षात आलं ते तुम्हाला सांगते.

पहिलं स्वयंपाकाचं, कारण तिथंच माझं घोडं अडलं होतं. नववीपासून मुलीला, आणि मुलालाही बरं का, स्वतःचं जेवण करता आलं पाहिजे. पुरणपोळी नको. मुगाची आमटी, भात, चपाती, एखादी उसळ, पिठलं एवढं पुरे. खोलीवर एक छोटा कुकर आणि भिजवलेली मटकी असली तर पोर उपाशी राहत नाही. (वसतिगृहात शेगडी चालते का ते आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी चालत नाही.) आणि नियमाबद्दल तिच्याशी मोकळं बोला. माझी नात म्हणाली, "आज्जी, कंदमूळ मी सोडलेलंच आहे, ते राहील. रात्रीचं मात्र प्रॅक्टिकल उशिरा असलं तर मी शब्द देत नाही." मला आत टोचलं. पण ती खोटं बोलली नाही, हेच मला मोठं वाटलं. तिच्याकडून जबरदस्तीनं शब्द घेतला असता तर तिनं दिलाही असता, आणि मग सुट्टीला घरी आली की माझ्यापासून तोंड चुकवलं असतं.

दुसरं पैशाचं, आणि इथं माझी बी.कॉम.ची पदवी कामाला आली. १९८२ साली शिवाजी विद्यापीठातून घेतलेली, पुढं किराणा आणि दुधाच्या हिशेबाला वापरलेली! आपल्या घरांत मुलांना पैशाचं सांगत नाहीत. व्यापारी घर असो की शेतीवाडीचं, "तू अभ्यास कर, बाकी आम्ही बघतो," एवढंच. मग बारावीच्या निकालानंतर एकदम आकडा समोर येतो आणि रडारड होते. दहावीतच मुलांना घेऊन बसा आणि सांगा, आपण दर वर्षी एवढे घालू शकतो, ह्यावर लागलं तर कर्ज. कॉलेजची फी वेगळी लिहा, राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा. चार वर्षांत दुसरा आकडा पहिल्याच्या बरोबरीला येऊ शकतो.

कर्जाचं गणित मी नातीला कागदावर मांडून दाखवलं. समजा चार वर्षांत दर वर्षी दीड लाख, असं एकूण सहा लाख घेतले. व्याज दहा टक्के धरू. शिक्षणाची चार वर्षं आणि पुढं एक वर्ष हप्ता सुरू होत नाही, पण व्याज चढतं, आणि ते ह्या काळात साधं व्याज असतं. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचे ७५ हजार, दुसऱ्यावर ६०, तिसऱ्यावर ४५, चौथ्यावर ३०. झाले २ लाख १० हजार. म्हणजे हप्ता सुरू होताना डोक्यावर ८ लाख १० हजार. सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण १३,४५०. पण हेच व्याज आपण घरून महिन्याच्या महिन्याला भरत गेलो, तर पहिल्या वर्षी महिना १,२५० आणि चौथ्या वर्षापासून ५,००० पडतात, आणि पुढं मुलीचा हप्ता १० हजाराच्या आत बसतो. नात म्हणाली, "मग पहिल्या वर्षाचं व्याज मी शिकवणी घेऊन भरते." पंधरा वर्षांच्या पोरीला कर्ज समजतं, मैत्रिणींनो. सांगणारं पाहिजे.

बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण मागत नाहीत आणि स्वतःचा वाटाही घालावा लागत नाही. मोठ्या रकमेला जामीनदार किंवा घर-जमीन तारण लागू शकतं. इन्कम टॅक्समध्ये फक्त व्याजाची वजावट मिळते, आठ वर्षं, तीही जुनी करपद्धत घेतली तरच. घरातल्या पुरुषांना हे माहीत असेल असं धरून चालू नका. आमच्या ह्यांना मुद्दलाचीही वजावट मिळते असंच वाटत होतं.

मुलींसाठी आणखी एक. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं निर्णय काढला, की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. पण प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत फेरीतूनच, म्हणजे कॅपमधून झाला पाहिजे. ओळखीनं मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की सवलत गेली. आपल्यात अनेकींचा समज आहे की जैन अल्पसंख्याक म्हटलं की सगळं त्यात आलं. तसं नाही. २०१४ च्या जानेवारीत केंद्रानं आपल्याला अल्पसंख्याक दर्जा दिला, तो धर्माचा. प्रवर्ग ठरतो तो जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर. दोन्ही वेगळे कागद आहेत आणि दोन्हीचे उपयोग वेगळे. जैन अल्पसंख्याक दर्जा असलेल्या कॉलेजांत आपल्या मुलांसाठी काही जागा असतात, तिथं पहिला कागद चालतो. फी माफीला दुसरा लागतो.

कागदांवरून आठवलं. आमच्या घरात दोन भावंडांच्या शाळेच्या दाखल्यावर दोन वेगळ्या नोंदी निघाल्या, एकावर "जैन", एकावर "हिंदू जैन". आधार कार्डावर एकाचं आडनाव पाटील, दुसऱ्याचं जैन. लहानपणी शाळेत नाव घालायला जो गेला त्यानं जे सांगितलं ते लिहिलं गेलं. हे बारावीनंतर फॉर्म भरताना उघड झालं तर शेवटची तारीख निघून जाते. मूल शाळेत असतानाच मुख्याध्यापकांना अर्ज देऊन दुरुस्ती करून घेणं सोपं. शाळा सोडल्यावर फार फिरावं लागतं. म्हणून आजच दाखला आणि आधार शेजारी-शेजारी ठेवून वाचा, नावातली वेलांटीसुद्धा.

शाखा कोणती घ्यावी ह्यावर मी फार बोलणार नाही, ते मुलांनी आणि शिक्षकांनी बघावं. दोनच गोष्टी. अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष, हा समज सोडा. एमएचटी-सीईटीत वीस टक्के भाग अकरावीचा असतो, आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडून येऊ नको म्हणावं. आणि कॉमर्सला जाणाऱ्या मुलींचं गणित "कशाला डोक्याला ताप" म्हणून सोडवू नका. मला सी.ए. व्हायचं होतं. आर्टिकलशिपसाठी परगावी राहावं लागलं असतं, आणि १९८२ साली माझ्या आईनं काय कारण दिलं असेल ते तुम्ही ओळखलं असेलच.

नातीसाठी मी एक फाईल केली आहे, प्लॅस्टिकच्या कप्प्यांची, वीस रुपयांची. पहिल्यात शाळेचा दाखला, दुसऱ्यात अधिवास प्रमाणपत्र, तिसरा उत्पन्नाच्या दाखल्याचा. तो अजून रिकामा आहे. उद्या ई-सेवा केंद्रात जायचंय, जावईबापूंनी कागद काढून ठेवलेत. आणि बस्तीतल्या त्या आईला मी काल फोन केला. अर्धा तास बोललो. अजून ती हो म्हणाली नाही, पण रविवारी मुलीला घेऊन माझ्याकडं येते म्हणाली. संध्याकाळी साडेपाचला जेवायलाच या म्हटलंय. पिठलं-भात नात करणार आहे.