काचेवरील कुंचला

हल्लीं पुष्कळ घरांतून मुलें कागदाऐवजीं काचेच्या पाटीवर चित्रें रंगवितांना दिसतात. तैलरंग, जलरंग, खडू, कोळसा, शाई अशा जुन्या साधनांची नक्कल करणारे कुंचले त्या पाटींत तयारच असतात. हें खरें चित्रकर्म कीं नुसता यंत्राचा खेळ, अशी शंका वडील मंडळींस येणें साहजिक आहे.

हे कुंचले झाले कसे, तें प्रथम पाहूं. १९८६ सालीं अमेरिकेंत स्टीव्ह स्ट्रासमन यांनीं जपानी शाईचित्रांच्या धर्तीवर एक निबंध प्रसिद्ध केला. कुंचला हा एक ठिपका नसून अनेक केसांचा झुबका आहे; कोणत्या केसांत शाई किती, हाताचा दाब किती, शाई सरत आली म्हणजे रेघ कशी विरते, या साऱ्याचें गणित त्यांत मांडलें होतें. १९९७ सालीं जलरंगांतील पाण्याचा ओघ, डागाच्या कडेस सांचणारा गडद रंग व कागदाचा खरखरीतपणा यांचेंही गणित प्रसिद्ध झालें. खऱ्या कुंचल्याचें बारीक निरीक्षण झालें नसतें, तर हा नवा कुंचला जन्मासच येता ना.

आपल्याकडेही असें निरीक्षण जुनें आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकांतील ग्रंथांत वासराच्या कानाच्या केसांची लेखणी सांगितली असून स्थूल, मध्य व सूक्ष्म असे तिचे तीनच भेद केले आहेत. उलट 'क्रिता' ही विनामूल्य मिळणारी चित्रप्रणाली घेतली, तर शंभराहून अधिक कुंचले आरंभींच हातीं येतात. आमच्या मतें खरा धोका येथें आहे. मूल रोज नवा कुंचला घेतें आणि हात एकावरही बसत नाहीं. शिवाय चुकलेली रेघ तत्क्षणीं मागें घेतां येत असल्यामुळें, रेघ ओढण्यापूर्वीं विचार करण्याची संवय लागत नाहीं.

यास्तव आमची सूचना अशी. मुलानें प्रथम महिनाभर कागदावर एकच कुंचला व शाई घेऊन पिंपळाचें पान काढावें: कुंचला भरलेला असतांना, सुकत आला असतांना, उभा धरून आणि आडवा धरून. मग तेंच पान काचेवर एकाच कुंचल्यानें काढावें, व रेघ मागें घेण्याची सोय वर्ज्य करावी. पाटीची लेखणी दाब ओळखणारी नसेल, तर रेघ बहुधा सर्वत्र सारखीच जाड येते. तो दोष हाताचा समजूं नये.

दोन्ही पानें शेजारीं ठेवून यंत्राचा कुंचला कोठें खरा उतरला व कोठें फसला, हें मुलास स्वतः सांगतां आलें म्हणजे प्रयोग सफल झाला. मग त्यानें दुसरा कुंचला खुशाल घ्यावा. रंग-कागदाचा खर्च वांचतो, हा लाभ आम्ही लहान मानीत नाहीं. पण एक महिन्याची शाई वांचवूं नये.