५० विजयांनंतरही उपेक्षित

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा सर्वाधिक उपेक्षित क्वार्टरबॅक कोण, या चाहत्यांच्या जुन्या वादात केलन मूर यांचे नाव हटकून घेतले जाते. क्वार्टरबॅक म्हणजे संघाची चाल ठरवून चेंडू फेकणारा खेळाडू. मूर यांनी या स्थानावरून आयडाहोतील बॉयसी स्टेट विद्यापीठाला २००८ ते २०११ या चार हंगामांत ५० विजय मिळवून दिले. पराभव केवळ तीन. त्या तिन्हींतील एकत्रित फरक अवघ्या पाच गुणांचा.

तरीही २००९ मध्ये अपराजित राहिलेल्या या संघाला राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना खेळता आला नाही. मतदान व संगणकीय क्रमवारीवर आधारलेल्या तत्कालीन पद्धतीत छोट्या गटातील संघांचे विजय हलके लेखले जात. पुढे २०१२ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडप्रक्रियेतही मूर यांना कोणी निवडले नाही. उंची कमी आणि फेकीत जोर नाही, हे आक्षेप विक्रमापेक्षा वजनदार ठरले.

२०२४ च्या हंगामापासून अजिंक्यपदासाठी बारा संघांची बाद फेरी सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी बॉयसी स्टेटने तीत स्थान मिळवले. मूर २०२५ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. पद्धत बदलली, पण मूर यांची महाविद्यालयीन कारकीर्द तोपर्यंत केव्हाच संपली होती.