टंचाईचा कारखाना

अधिवेशन म्हटले की आपल्या कार्यकर्त्यांच्या डोळ्यांपुढे मंडप, सतरंज्या, ठरावांचे मसुदे आणि रात्री उशिरापर्यंत चालणारी उपसूचनांची हुज्जत उभी राहते. अमेरिकेत गेली तीस वर्षे निराळ्याच प्रकारची अधिवेशने भरत आली आहेत. प्रौढ, कमावते, संसारी स्त्रीपुरुष तेथे दूरदूरच्या गावांहून येतात, प्रवेशशुल्क भरतात, तासन् तास रांगेत उभे राहतात आणि परतताना एक खोके छातीशी धरून नेतात. खोक्यात प्लास्टिकचा यंत्रमानव असतो. त्याचे हातपाय दुमडले की त्याची मोटार होते, नाहीतर विमान. हे खेळणे त्या अधिवेशनाखेरीज इतरत्र विकले जात नाही, आणि केवळ एवढ्याच कारणाने त्याची किंमत पुढे मूळ किमतीच्या कित्येक पट होऊ शकते.

महागाई आणि बेकारी यांविषयी लिहिण्यासारखे इतके असताना या साप्ताहिकाने खेळण्यांसाठी रकाने का खर्चावेत, असे काही वाचक विचारतील. टंचाई आणि किंमत यांचे नाते आपण धान्याच्या आणि कांद्याच्या बाजारात रोज पाहतो. परंतु तेथे पाऊस, वाहतूक, सरकारी धोरण, साठेबाजी अशा अनेक गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि कोणाला दोष द्यावा हे ठरवताना वाद संपत नाही. खेळण्याच्या व्यवहारात ही सारी गुंतागुंत गळून पडते. टंचाई कशी तयार केली जाते, कोण करतो आणि तिचा दाम कोणाच्या पदरात पडतो, हे येथे स्वच्छ दिसते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला इतके निर्भेळ उदाहरण क्वचितच मिळते.

मुळापासून सांगायचे तर १९८४ पासून आरंभ करावा लागेल. जपानमधील ताकारा या कंपनीकडे रूप बदलणाऱ्या यंत्रांची खेळणी तयार होती. हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने ती घेतली, त्यांना ‘ट्रान्सफॉर्मर्स’ हे नाव दिले आणि मार्व्हल या चित्रकथा-प्रकाशनाकडून त्यांच्यासाठी कथा रचून घेतली. त्यांतील बहुतेक पात्रांचे नामकरण व स्वभाववर्णन बॉब बुडियान्स्की या एका पगारी संपादकाने केले. याच १९८४ साली रेगन यांच्या राजवटीत अमेरिकेच्या प्रसारण नियामक आयोगाने मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींच्या वेळेवरची बंधने उठवली, आणि त्याच सप्टेंबरात ट्रान्सफॉर्मर्सची चित्रमालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात जाहिरात कोठे संपते आणि गोष्ट कोठे सुरू होते, हे सांगणे अशक्य झाले. कारण गोष्ट हीच जाहिरात होती. आजचा चाळिशी-पन्नाशीतला संग्राहक म्हणजे त्या वेळी जमिनीवर पालथा पडून ती मालिका पाहणारा मुलगा, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे काही उलगडत नाही.

त्या मुलाची चेष्टा करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. १९९४ साली इंडियाना राज्यातील फोर्ट वेन या गावी या खेळण्यांच्या चाहत्यांनी आपला पहिला मेळावा भरवला. त्याचे नाव बॉटकॉन. मेळावा भरवणारे कंपनीचे नोकर नव्हते, हौशी तरुण होते. आपल्यासारखेच वेड असणारी माणसे भेटावीत, जुन्या वस्तूंची अदलाबदल व्हावी, गप्पा व्हाव्यात, एवढीच त्यामागची इच्छा होती. आलेल्यांना आठवण म्हणून जे खेळणे मिळाले ते रद्द झालेल्या एका संचातले, दुकानांपर्यंत कधी न पोहोचलेले होते. पुढे हा मेळावा कंपनीच्या परवान्याने भरू लागला आणि त्या स्वरूपात २०१६ पर्यंत चालला. सहभागी मंडळींना स्वतःच्या हाताने खेळणे रंगवायला शिकवणारे वर्गही तेथे होत. एकाकी नागरी जीवनात माणसे सोबत शोधतात. राजकीय पक्ष, कामगार संघटना, चर्च आणि शेजार यांची वीण जेथे उसवली, तेथे प्लास्टिकच्या यंत्रमानवाभोवती का होईना, ती जमली, यात मला तरी हसण्यासारखे काही दिसत नाही.

मात्र आठवण म्हणून मिळालेली वस्तू ही पाहता पाहता अधिवेशनाचे कारण झाली. सान डिएगो येथील कॉमिक-कॉन या चित्रकथांच्या प्रचंड मेळाव्यातही हॅस्ब्रो आणि इतर कंपन्या ‘फक्त येथेच’ मिळणारी खेळणी मांडू लागल्या. रांगेत उभे राहण्याचा हक्क कोणाला, यासाठी सोडती निघू लागल्या. सिनेमाच्या तिकिटांचा काळाबाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच की तिकीट विकणारा थिएटरच्या कोपऱ्यावर उभा असे. खेळणे विकणारा १९९५ साली निघालेल्या ईबेच्या लिलावात, घरबसल्या, साऱ्या जगाला ते विकतो.

आता वस्तूकडे पाहू. अधिवेशनासाठी काढलेले खेळणे बहुतेक वेळा नवे नसतेच. दुकानात विकल्या गेलेल्या खेळण्याचाच पोलादी साचा घ्यायचा, निराळ्या रंगाचे प्लास्टिकचे दाणे त्यात ओतायचे, फार तर डोक्याचा एक भाग नवा करायचा आणि एक नवे नाव द्यायचे. या धंद्यात महाग असतो तो साचा. तो एकदा तयार झाला की पुढच्या प्रत्येक नगाचा खर्च अल्प असतो. म्हणजे हजार नग काढून यंत्र थांबवले जाते तेव्हा ते कच्चा माल संपला म्हणून किंवा कारागीर थकले म्हणून थांबत नाही. ते थांबवण्याचा निर्णय कचेरीत झालेला असतो.

रिकार्डोने १८१७ साली आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात काही वस्तू बाजूला काढून ठेवल्या होत्या. दुर्मीळ पुतळे, चित्रे, जुनी नाणी, विशिष्ट जमिनीतल्या द्राक्षांची मद्ये यांचे प्रमाण श्रमाने वाढवता येत नाही. म्हणून त्यांची किंमत श्रमावर ठरत नाही, केवळ दुर्मीळतेवर आणि घेणाऱ्याच्या ऐपतीवर ठरते, असे त्याचे प्रतिपादन होते. बाजारातल्या एकूण वस्तूंत अशा वस्तू अगदी थोड्या, म्हणून त्यांचा विचार सोडून तो पुढे गेला. वर्गात हे शिकवताना मीही तो परिच्छेद झटपट उरकत असे. परंतु रिकार्डोच्या या अपवादात मृत चित्रकार आहे, विशिष्ट माती आहे. निसर्गाने किंवा काळाने घातलेली मर्यादा आहे. श्रमाने हवी तितकी वाढवता येणारी वस्तू मुद्दाम न वाढवून त्या अपवादाच्या पंक्तीला बसवायची, ही युक्ती त्याच्या काळी मक्तेदारांना ठाऊक होती. मात्र तिचा असा नित्याचा धंदा झालेला नव्हता. या खेळण्याची वाढलेली किंमत म्हणजे एका निर्णयावर मिळणारा खंड आहे. जमीनदाराला निदान जमीन तरी लागते.

‘ही श्रीमंतांची हौस, त्यांनी एकमेकांना लुटले तर आपले काय गेले?’ असा आक्षेप येईल. पण हे संग्राहक गर्भश्रीमंत नसतात. पुष्कळसे महिन्याच्या पगारावर जगणारे असतात. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त न्यू जर्सीत स्थायिक झाला आहे. त्याच्याकडे अशा खेळण्यांचे कपाट आहे आणि आवडत्या खेळण्याचे तो दोन नग घेतो: एक उघडायला, एक बंद ठेवायला. त्याच्या मुलाला उघडलेल्या खेळण्याला हात लावायची परवानगी आहे; बंद खोक्याला नाही. त्यात विक्षिप्त असे काही नाही, तो बाजाराचा नियमच पाळतो. खोके फोडले की किंमत उतरते, खेळले की आणखी उतरते. उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य यांतला विरोध आम्ही फळ्यावर दोन रकाने आखून शिकवला. येथे तो एका पुठ्ठ्याच्या झाकणात मावला आहे. ॲक्शन फिगर ऑथॉरिटी नावाची एक खासगी सेवा तर शुल्क घेऊन खेळण्याची तपासणी करते, शंभरपैकी गुण देते आणि ते पारदर्शक ॲक्रिलिकच्या पेटीत बंद करून परत पाठवते.

पेटीतही ते सुखरूप राहील असे नाही. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात व नव्वदीत वापरलेले एक सोनेरी, चमकीच्या रेषांचे प्लास्टिक काही वर्षांनी आपोआप ठिसूळ होते आणि हात लावताच त्याचा भुगा होतो. संग्राहकांत हा रोग प्रसिद्ध आहे. ज्याला कधी स्पर्शच करायचा नाही, त्याचा भुगा झाला तर किंमत किती घटावी, हा प्रश्न मी त्या विद्यार्थ्याला विचारला. तो हसला, पण त्याच्याकडेही उत्तर नव्हते.

अशा बाजाराचा शेवट कसा होऊ शकतो हे अमेरिकेने एकदा पाहिले आहे. टाय या कंपनीने नव्वदच्या दशकात ‘बीनी बेबीज’ नावाच्या लहान मऊ बाहुल्या काढल्या. ठरावीक बाहुल्यांचे उत्पादन अचानक बंद झाल्याचे जाहीर करायचे आणि भाव चढू द्यायचे, हे तिचे तंत्र होते. मुलांच्या शिक्षणाची तरतूद म्हणून लोकांनी त्यांचे ढीग जमवले. १९९९ साली लास व्हेगासच्या न्यायालयात घटस्फोट घेणाऱ्या एका दांपत्याने जमिनीवर उकिडवे बसून बाहुल्यांची वाटणी केली. त्याचे छायाचित्र जगभर छापले गेले. थोड्याच काळात त्या बाहुल्या कवडीमोल झाल्या. केन्सने १९३६ साली सट्ट्याविषयी जे लिहिले, की प्रत्येक जण वस्तू पाहत नाही, इतरांना ती काय वाटेल याचा अंदाज घेतो, त्याची ही बाळबोध आवृत्ती होती.

या सगळ्या हिशेबात एक रकाना कोरा राहतो, तो बनवणाऱ्याचा. बॉटकॉनच्या आदल्या वर्षी, १० मे १९९३ रोजी, थायलंडमधील नाखोन पाथोम प्रांतात कादर या खेळण्यांच्या कारखान्याला आग लागली आणि १८८ कामगार मेले. त्यांत बहुसंख्य तरुण स्त्रिया होत्या. तेथे अमेरिकेसह परदेशच्या बाजारांसाठी मऊ बाहुल्या व प्लास्टिकची खेळणी तयार होत. त्याच वर्षी नोव्हेंबरात चीनच्या शेन्झेन शहरातील झिली खेळणी कारखान्यात ऐंशीहून अधिक जणी-जण होरपळून मेले. बाहेर पडण्याच्या वाटा बंद होत्या आणि खिडक्यांना गज होते. या दोन कारखान्यांत अधिवेशनाचे यंत्रमानव घडत नव्हते, हे सांगितले पाहिजे. पण ज्या उद्योगाचे हे खेळणे अपत्य आहे, त्याच उद्योगाची ही कथा आहे. खेळणे विकले गेल्यावर त्याची किंमत दहापट झाली तरी त्यातला एक पैसा साच्यापाशी उभ्या असलेल्या मुलीकडे जात नाही. तिच्या दृष्टीने निळ्या दाण्यांचा आणि जांभळ्या दाण्यांचा नग सारखाच. ‘रोबोट’ हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली लिहिलेल्या नाटकातून जगाला मिळाला, आणि ज्या चेक शब्दावरून तो घडला त्याचा अर्थ वेठ असा आहे. खोक्यावर मात्र हा शब्द खोक्यातल्या प्लास्टिकविषयी छापतात.

या व्यवहाराचा एक धागा आपल्या शेजारी गोव्यापर्यंत येतो. मद्रासची एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी १९८७ साली फनस्कूल ही भागीदारीतली कंपनी काढली. तिचा कारखाना गोव्यात आहे. तेथून निघालेले ‘जी. आय. जो’ मालिकेतले लष्करी बाहुले आपल्याकडच्या मध्यमवर्गीय मुलांनी मनसोक्त खेळवले. त्यांचे रंग अमेरिकेतल्या मूळ बाहुल्यांहून कधी कधी फारच चमत्कारिक असत. नेमक्या त्या रंगांसाठी अमेरिकेतले संग्राहक आज हे भारतीय बाहुले शोधत असतात. येथली दुर्मीळता कोणी योजलेली नव्हती. आतला रबर तुटला, अंगठा मोडला, बंदूक हरवली, आईने दिवाळीच्या साफसफाईत उरलेले रद्दीवाल्याला देऊन टाकले. अशा रीतीने ते दुर्मीळ झाले. मुलांनी खेळून खेळून संपवलेल्या वस्तूला चार पैसे जास्त पडत असतील तर माझी त्याला हरकत नाही.

कंपन्यांचे समर्थक म्हणतात, की मागणीचा अंदाज आधी येत नाही, म्हणून थोडेच नग काढावे लागतात. हे खरे नाही याचा पुरावा कंपनीनेच दिला आहे. २०१९ साली हॅस्ब्रोने ‘युनिक्रॉन’ नावाचा एक अजस्र यंत्रमानव जाहीर केला. किंमत ५७४.९९ डॉलर, ८००० जणांनी आगाऊ मागणी नोंदवली तरच तो तयार होईल, अशी अट. मुदत वाढवावी लागली, पण मागणी पुरी झाली आणि तो तयार झाला. आधी गरज मोजायची आणि मग उत्पादन करायचे, या कल्पनेसाठी आम्हा नियोजनवाद्यांची जन्मभर टर उडवली गेली! मोजणी शक्य आहे. साचे शाबूत असतात तोवर ती दर वर्षी, प्रत्येक खेळण्यासाठी शक्य आहे. अधिवेशनाला येऊ न शकणाऱ्यालाही मूळ किमतीत तो नग पुरवता येईल. अमेरिकेतल्या खेळण्यांच्या बाजारात २०२४ च्या पहिल्या तिमाहीत प्रौढांच्या खरेदीने तीन ते पाच वर्षांच्या बालकांसाठीच्या खरेदीला मागे टाकले, असे सर्काना या पाहणी संस्थेने नोंदवले आहे. एवढे मोठे गिऱ्हाईक कंपनीला अनोळखी असणे शक्य नाही.

तरीही तसे होत नाही, आणि त्याचा दोष एकट्या कंपनीचा नाही. जुन्या यंत्रमानवांच्या नव्या आवृत्त्या मधूनमधून निघतात. २०१८ साली अमेरिकेत वॉलमार्टच्या दुकानांत १९८४ च्या मालिकेतली काही खेळणी पुन्हा विक्रीला आली. चीनमधल्या नकली कारखान्यांनी तर दुर्मीळ नगांच्या हुबेहूब प्रती काढून ठेवल्या आहेत. अशा वेळी ज्याला ते खेळणे लहानपणी मिळाले नव्हते त्याला आनंद होतो, आणि ज्याच्या कपाटात ते आधीपासून बंद खोक्यात आहे तो अस्वस्थ होतो. माझ्या त्या विद्यार्थ्याला मी विचारले, की उद्या तुझा अधिवेशनातला यंत्रमानव गल्लीतल्या दुकानात साध्या किमतीला मिळू लागला तर? पोराला खेळायला एक आणीन, असे तो म्हणाला. मग थोडा वेळ थांबून त्याने विचारले, ‘सर, पण मग माझ्या खोक्याचं काय?’