उघड माहितीची पारख

शेतकऱ्यास बातमी मिळत नाहीं, ही तक्रार आतां जुनी झाली. हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत मोबाईल आहे, आणि सकाळचें गोठ्यांतलें काम उरकण्यापूर्वींच बाजारभाव, पाऊस, सरकारी योजना व पिकांवरील औषधें यांच्या अनेक वार्ता त्याच्यापुढें येऊन पडतात. उणीव आहे ती त्यांतील खरें कोणतें व खोटें कोणतें हें ठरविण्याच्या विद्येची. ही विद्या पद्धतशीर शिकविणारे वर्ग आज इंटरनेटवर घरबसल्या मिळतात. आमच्या शेतकरी बंधूंनीं त्यांकडे लक्ष देण्याची वेळ आली आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

इंग्रजींत या विद्येस ‘ओपन सोर्स इंटेलिजन्स’ असें भारदस्त नांव आहे. नांवावरून ती हेरगिरी वाटते. परंतु तिचा मूळ नियम असा कीं, जी माहिती कोणासहि उघडपणें व कायदेशीर रीतीनें पाहतां येते तीच घ्यावयाची, आणि तिचे तुकडे एकमेकांशीं ताडून निष्कर्ष काढावयाचा. १७ जुलै २०१४ रोजीं युक्रेनच्या पूर्व भागांत मलेशियाचें प्रवासी विमान क्षेपणास्त्रानें पाडलें जाऊन २९८ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्याच महिन्यांत एलियट हिगिन्स यांनीं सुरू केलेल्या ‘बेलिंगकॅट’ या गटानें सामान्य लोकांनीं प्रसिद्ध केलेलीं छायाचित्रें व चित्रफिती गोळा केल्या, त्यांतील रस्ते, इमारती व झाडें उपग्रहचित्रांशीं जुळविलीं, आणि क्षेपणास्त्राची गाडी कोणत्या मार्गानें नेली गेली हें दाखवून दिलें. पुढें २०१८ मध्यें अधिकृत आंतरराष्ट्रीय तपासपथकानेंहि तें क्षेपणास्त्र रशियन सैन्याच्या तुकडीचें असल्याचें जाहीर केलें. हाच गट ऑनलाइन वर्ग चालवितो, आणि त्याच्या पुष्कळ मार्गदर्शिका विनामूल्य वाचतां येतात.

विमानाच्या तपासाशीं कांदा पिकविणाऱ्याचा काय संबंध, असें कोणी विचारील. डिसेंबर २०२३ मध्यें केंद्र सरकारनें कांद्याची निर्यात ३१ मार्च २०२४ पर्यंत बंद केली. फेब्रुवारींत बंदी उठल्याची बातमी सर्वत्र पसरली, आणि लासलगांवच्या बाजारांत १७ तारखेस क्विंटलमागें १,२८० रुपये असलेला भाव १९ तारखेस १,८०० रुपयांवर गेला. दुसऱ्याच दिवशीं बंदी कायम असल्याचा खुलासा सरकारनें केला. बंदी योग्य कीं अयोग्य हा वाद वेगळा. पण ती घालणें वा उठविणें हें विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेनें होतें, आणि अधिसूचना त्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणासहि वाचतां येते. ‘अधिसूचना कोठें आहे?’ एवढा एकच प्रश्न विचारणाऱ्यास बातमी कच्ची असल्याचें १९ तारखेसच कळण्याजोगें होतें. भाव आणखी चढेल या आशेनें ज्यानें त्या दिवशीं माल राखून ठेवला असेल, त्यास हा प्रश्न न विचारण्याची किंमत रोख मोजावी लागली असेल.

या वर्गांतील शिकवण मुळांत चार गोष्टींची आहे : वार्तेचा उगम शोधणें, तिची तारीख पाहणें, तिची जागा ओळखणें, आणि स्वतंत्र असा दुसरा पुरावा मागणें. सौरपंपाच्या कुसुम योजनेच्या नांवानें पैसे उकळणाऱ्या बनावट संकेतस्थळांविषयीं केंद्रीय खात्यास वारंवार इशारे द्यावे लागले आहेत. संकेतस्थळाचा पत्ता सरकारी आहे काय, तो केव्हां नोंदविला गेला, हें पाहण्याचीं साधनें मोफत आहेत. गारपिटीचें म्हणून फिरणारें छायाचित्र पूर्वीं कोठें प्रसिद्ध झालें होतें, हेंहि चित्रावरून शोध घेऊन पुष्कळदां कळतें. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचीं चित्रें सर्वांस खुलीं असून त्यांत दहा मीटरपर्यंतचा तपशील दिसतो. शेत पाण्याखालीं गेल्याचें सांगतांना त्यांचा आधार घेतां येईल. मात्र आभाळ भरलेलें असतां तीं निरुपयोगी होतात, आणि सेंटिनेल-१ च्या रडारचित्रांकडे वळावें लागतें. कोणतें साधन कोठें थांबतें हें कळणें, हाच या शिक्षणाचा मोठा लाभ होय.

हा संशयखोरपणा नव्हे. सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटांत ठेवून उगवण पाहिल्यावांचून जाणता शेतकरी घरचें बियाणें पेरीत नाहीं. तीच कसोटी वार्तेस लावावी, इतकेंच आमचें म्हणणें आहे. आणि येथें प्रश्न केवळ पैशाचा नाहीं. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भटक्या समाजांतील पांच निरपराध माणसांस जमावानें ठार केलें. मोबाईलवरून फिरणाऱ्या अशा अफवांचें मूळ विचारणारीं माणसें गांवोगांवीं असणें किती अगत्याचें आहे, हें याहून अधिक सांगावयास नको.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, बहुतेक वर्ग इंग्रजींत असून ते पत्रकारांसाठीं रचलेले आहेत. हा आक्षेप खरा आहे, आणि त्यावर उपाय आपणच केला पाहिजे. दुसरा अधिक गंभीर आहे. सातबारा उतारा आज संगणकावर कोणाचाहि पाहतां येतो. शेजाऱ्याचें खातें चाळण्यासाठीं ही विद्या राबविली गेली, तर गांवांत कलह माजेल. संयुक्त राष्ट्रांचें मानवी हक्क कार्यालय व बर्कले येथील विद्यापीठ यांनीं २०२० मध्यें प्रसिद्ध केलेल्या नियमावलींत दुसऱ्याच्या खासगीपणाचा मान राखण्यावर भर आहे. आपल्या वर्गांतहि तोच पहिला धडा असावा.

यास्तव आमची सूचना अशी कीं, संस्थेनें प्रत्येक तालुक्यांतून एक तरुण व एक तरुणी निवडावी, त्यांच्या शुल्काचा भार उचलावा, आणि त्यांनीं शिकलेलें कांदा, सोयाबीन, पीकविमा व योजना यांच्या उदाहरणांसह मराठींत उतरवून, रब्बीच्या पेरण्या आटोपल्यावर गांवोगांवीं शिकवावें. खर्च फार नाहीं. एका खोट्या बातमीनें होणाऱ्या नुकसानीपुढें तो नगण्यच ठरेल. तालुका शाखांनीं हा विषय आपल्या येत्या सभेपुढें ठेवावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.