हापशाची साखळी

वस्तू घडवण्याआधी पाहणीत आणि आराखड्यात महिने घालवणं म्हणजे वेळेची नासाडी, असं मानणारा पंथ सध्या जोरात आहे. लोकांना काय हवं ते लोकांनाच ठाऊक नसतं. तेव्हा वस्तू बनवा, बाजारात उतरवा, चुकलं तर सुधारू, हा त्याचा खाक्या. गिऱ्हाइकांना विचारलं असतं तर त्यांनी आणखी वेगवान घोडे मागितले असते, हे हेन्री फोर्डच्या नावावर खपणारं विधान साक्षीला हजर असतंच. फोर्डने ते केल्याचा पुरावा सापडत नाही, पण ते असो. खरी गफलत वेगळीच आहे. संशोधन म्हणजे लोकांची पसंती विचारणं, असं ही मंडळी धरून चालतात.

गावातल्या हापशाकडे बघा. कठीण खडकात बोअर पाडणारी यंत्रं आली तेव्हा हजारो बोअरवर बिडाचे पंप बसले. ते अमेरिकी-युरोपी पंपांच्या नकला होत्या. मूळ पंप एका शेतघरापुरता, दिवसातून थोडा वेळ चालणारा. इथे तोच पंप पहाटेपासून रात्रीपर्यंत शेकडो माणसं हापसू लागली. १९७४च्या सुमारास युनिसेफने पाहिलं तर चारांतले जवळपास तीन बंद. लोक नीट वापरत नाहीत, असं म्हणून अशा वेळी मोकळं होता येतं. जालना भागातल्या मिशनच्या आणि पुढे सोलापूरच्या कारागिरांनी मात्र त्याआधीच मोडलेले पंप उघडून पाहिले होते. अनेक पिनांचे सांधे झिजत होते, म्हणून त्यांनी पोलादी दांडा एकाच आसावर बसवला. सोलापूरच्या पंपावरून युनिसेफ, सरकार आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास यांनी ‘इंडिया मार्क टू’ उभा केला. त्याच्या दांड्याच्या डोक्याला चंद्रकोरीसारखा तुकडा असतो, त्यावरून साखळी उतरते आणि साखळीला आतली सळई लटकते. दांड्याचं टोक कमानीत फिरतं, सळईला मात्र सरळ वर-खाली जायचं असतं. मध्ये ताठ सांधा ठेवला तर प्रत्येक वेळी हापसताना सळई तिरकी ओढली जाते आणि ती ज्यातून जाते ते भोक रुंदावत जातं. साखळी ही तिरकी ओढ लागूच देत नाही. आता सांगा, कोणत्या गावकऱ्याने साखळी मागितली असती? त्याने एवढंच सांगितलं असतं की पंप मोडतो. साखळीपर्यंत पोचायला तेवढं पुरेसं होतं, मात्र पुढे जाऊन मोडका पंप उघडणारं कुणीतरी हवं होतं.

यावर कुणी म्हणेल, ते कारागीर होते, संशोधक कुठले? मला हा भेदच मान्य नाही. कुठे, किती दिवसांत आणि का मोडतं, हे नोंदून त्यावर रचना बदलणं याला दुसरं नाव काय द्यायचं?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. एवढं करूनही मार्क टू अपुराच ठरला. तळाच्या सिलिंडरातलं चामडी वायसर बदलायचं तर सगळे पाइप उपसावे लागत, त्यासाठी बाहेरून पथक आणि गाडी यायची. तोवर पंप बंद. दुरुस्ती कोण करणार, हे आराखड्यात पुरतं धरलेलंच नव्हतं. ही चूक कबूल. ती ‘मार्क थ्री’ने सावरली: रुंद पाइपातून पिस्टन वर काढता येतो, पाइप जागेवरच राहतात. १९८३पासून कोइमतूर भागात त्याच्या चाचण्या झाल्या. मग नंतरच सुधारलं ना, असं विरोधक म्हणतील. पण नंतर सुधारता आलं तेही आधीच्या नियोजनामुळे. १९७९मध्ये मार्क टूचं भारतीय मानक ठरलं होतं. सुटे भाग सारखे, त्यामुळे बिघाडही सारखे आणि मोजता येण्याजोगे. जो तो आपल्या साच्यातून वेगळा पंप ओतत राहिला असता तर कशाशी कशाची तुलना करायची? शिवाय मोबाइलमधली चूक रातोरात दुरुस्त होते, तीस मीटर खोलवरचं वायसर होत नाही. ‘चुकलं तर सुधारू’चा खर्च तिथे बनवणारा भरत नाही, घागर घेऊन लांबच्या विहिरीवर जाणारी बाई भरते.

आफ्रिकेतल्या ‘प्लेपंप’चंही हेच झालं. मुलं गोल चक्रावर खेळतील आणि पाणी वर चढेल, ही कल्पना इतकी गोंडस की २०१० सालापर्यंत चार हजार पंपांचं लक्ष्य ठरलं. दिवसभराचं पाणी भरायला मुलांना किती वेळ खेळावं लागेल, हा हिशेब निधी गोळा होण्याआधी व्हायला हवा होता. काही गावांत चालू हातपंप उखडून तिथे ही चक्रं बसवली गेली. मुलं नसली की मोठ्या बायकाच ते खेळण्याचं चक्र वाकून, हाताने ढकलत पाणी काढायच्या.