रिकाम्या हातांचे दुखणे

अमरावतीच्या इर्विनमध्ये किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात ज्याने एखादी दुपार काढली आहे, त्याला एक गोष्ट ठाऊक असते. डॉक्टरांची फेरी सकाळीच आटोपते, औषध घेण्यास काही मिनिटे लागतात. उरलेला दिवस रुग्ण छताकडे पाहत काढतो. शस्त्रक्रिया उद्यावर आली असेल, तर ही रिकामी दुपारच भीती पोसते आणि भीतीने वेदना वाढते.

हा केवळ मनाचा खेळ नव्हे. वेदनेचा संदेश मज्जारज्जूतून मेंदूकडे जाताना त्याची तीव्रता कमीअधिक होऊ शकते आणि तिच्यावर मेंदूचाही अंमल चालतो, असा सिद्धान्त मेल्झॅक व वॉल यांनी १९६५ मध्ये मांडला. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर अवधान हे मर्यादित साधन आहे. रंगांत जेवढे गुंतेल, तेवढे वेदनेच्या वाट्याला कमी येईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. ते सारे सारख्या तोलाचे नाहीत. तरी कलेने रुग्णाची चिंता व वेदना हलकी होण्यास मदत होते, असे त्यांतील अनेकांत आढळले.

वऱ्हाडला ही कल्पना परकी नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये अमरावतीस तपोवन स्थापन केले. तेथे कुष्ठरुग्णांना औषधोपचाराबरोबर विणकाम, सुतारकाम यांसारखे उद्योगही मिळाले. हेतू उपजीविकेचा व स्वाभिमानाचा होता. पण रुग्णाचे हात रिकामे ठेवू नयेत, हे सूत्र तेच.

मग आपल्या वॉर्डांत काय हवे? कोरे कागद, रंगखडू, थोडी माती. अंगणात रांगोळी घालणाऱ्या बाईला किंवा तान्ह्या पोळ्याचा बैल रंगविणाऱ्या मुलाला कोणी नव्याने शिकवावे लागणार नाही. चित्र चांगलेच आले पाहिजे, ही अट मात्र नसावी. परिचारिकांवर आधीच कामाचा बोजा आहे. तेव्हा महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी व निवृत्त कलाशिक्षकांनी आठवड्यातून दोन दुपारी द्याव्यात.

धोका एकच आहे. खडू स्वस्त म्हणून ते वेदनाशामक औषधाच्या किंवा न भरलेल्या पदांच्या जागी खपविले जातील. पूरक वस्तू आणि पर्यायी वस्तू यांतील भेद आम्ही पहिल्याच वर्षी शिकवितो. कला ही औषधाला पूरक आहे, पर्याय नव्हे. खाटेवरच्या माणसाला दोन्ही मिळाली पाहिजेत.