चोर, चोर आणि चोर

शब्दांची झडती

शेजारची नववीतली मुलगी परवा इंग्रजीच्या क्लासमधला झेरॉक्सचा कागद नाचवत आली. धडा गुन्हे आणि न्यायव्यवस्थेचा. थीफ म्हणजे चोर. बर्गलर म्हणजे चोर. रॉबर म्हणजेही चोरच. वर तिचा निष्कर्ष तयार : ‘‘आजोबा, मराठीत शब्दच नाहीत ना!’’

याच सदरातल्या ‘जामीन’ या शब्दावरच्या माझ्या लेखानंतर ‘किती कीस पाडता’ अशी पत्रं ज्यांनी पाठवली, त्यांनी आज पान उलटलं तरी चालेल. मी पाडणारच.

हा कागद ज्यांनी केला त्यांच्यावर पोलीस ठाण्याची पायरी चढायची वेळ आलेली नसावी. चांगलंच आहे. पण आली असती तर भिंतीवरच्या फळ्यावर हे रकाने दिसले असते : दरोडा, जबरी चोरी, घरफोडी दिवसा, घरफोडी रात्री, चोरी. थीफ करतो ती चोरी, बर्गलर करतो ती घरफोडी आणि रॉबर करतो ती जबरी चोरी. सगळे हवालदाराच्या रोजच्या तोंडातले शब्द. त्यातला दिवस-रात्रीचा भेदही उगाच नाही. इंग्लंडात १९६८ चा चोरीचा कायदा येईपर्यंत रात्र पडल्याशिवाय कुणाला बर्गलर होताच येत नव्हतं.

आणि दरोडा? इथे तर साहेबानंच आपला शब्द उचलला. हिंदुस्थानी डकैतीची ‘डकॉयटी’ केली आणि १८६० च्या दंडविधानात छापली. चौघांनी सुरा दाखवून लुटलं तर जबरी चोरी. पाचवा सामील झाला की दरोडा. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली, कलम ३९१ चं ३१० झालं, पण पाचाचे चार किंवा सहा झाले नाहीत.

हे आमच्या बातमीदारांना कोण सांगणार? ‘दोघांचा सराफी दुकानावर दरोडा’ हा मथळा ठरलेला. बंद बंगल्याचं कुलूप तोडून, कुणाच्या केसालाही धक्का न लावता दागिने नेले, तरी दरोडाच. मग ऐवज ‘लंपास’ होतो, चोरटे ‘पोबारा’ करतात. क्रियापदांची एवढी चैन, आणि नामाला मात्र दुष्काळ!

ठाण्यात असं चालत नाही, तिथे डोकी मोजतात. दरोड्याची नुसती तयारीही शिक्षेला पात्र असते, म्हणून ‘दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद’ ही बातमी सावकाश वाचावी. चौघे सापडतात आणि पाचवा ‘अंधाराचा फायदा घेऊन’ निसटतो. माझ्याकडे पुरावा काही नाही. पण बेरजेला इतका मदत करणारा अंधार मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

पोरीच्या कागदावर शेवटी मी एक जोडी लिहून दिली : स्टोलन म्हणजे चोरीला गेलेलं, लॉस्ट म्हणजे गहाळ. हा फरक मला कुठल्या क्लासात नाही, एका पोलीस चौकीत कळला. बसच्या गर्दीत सदऱ्याच्या खिशातून मोबाइल गेला होता. अर्ज लिहायला घेतला, तर टेबलापलीकडून प्रेमळ आवाज आला : ‘‘काका, ‘चोरीला गेला’ कशाला लिहिता? ‘गहाळ झाला’ लिहा. दाखला लगेच देतो.’’

चोरी म्हटलं की गुन्हा दाखल करा, तपास करा, फळ्यावरचा आकडा एकानं वाढवा. गहाळ म्हटलं की चोरच नाही. फोन आपण होऊन पुढच्या स्टॉपला उतरला.

मला नवं सिमकार्ड हवं होतं. निमूटपणे ‘गहाळ’ लिहून दिलं. दाखला दहा मिनिटांत मिळाला, आणि त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

– झडतीवाला